विश्लेषण : जबड्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, मग त्याचा अर्थ काय लावायचा? इरावती कर्वे आणि बर्लिनमधल्या १४९ कवट्या

दाढ काढून झाली, तिथे इम्प्लांट बसवायचं ठरलं, की डॉक्टर आधी सीबीसीटी स्कॅन करून आणायला सांगतात. मशीन काही सेकंदांत डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि कॉम्प्युटरवर जबड्याचं त्रिमितीय चित्र उभं राहतं. मग मोजमाप सुरू होतं. हाडाची उंची किती, रुंदी किती, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस किती खोलवरून जाते, वरच्या जबड्यात सायनसची पोकळी कुठे सुरू होते. इथे अनेक पेशंटना एक रास्त प्रश्न पडतो. उजव्या बाजूचं इम्प्लांट दोन वर्षांपूर्वी बसलं, तेव्हाची मापं फाइलमध्ये आहेत, तर डाव्या बाजूसाठी पुन्हा पैसे खर्च करून मोजायचं कशाला?

कारण डावी बाजू ही उजवीचं आरशातलं प्रतिबिंब नसते. कोणाचीच नसते. कवटीच्या दोन अर्ध्या भागांत थोडा फरक असणं ही माणसाच्या शरीराची नेहमीची गोष्ट आहे. इम्प्लांटच्या बाबतीत मात्र एक-दोन मिलिमीटरही महत्त्वाचे ठरतात.

हाच फरक साधारण शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या एका बड्या प्राध्यापकाला वंशश्रेष्ठतेचा पुरावा म्हणून हवा होता. तो शोधून काढण्याचं काम त्यांनी एका मराठी विद्यार्थिनीकडे सोपवलं. तिने कवट्या मोजल्या आणि जे आकडे आले तेच प्रबंधात लिहिले. त्या विद्यार्थिनीचं नाव इरावती कर्वे. महाराष्ट्र त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्यातला कवट्यांचा हा भाग मात्र बऱ्याच वाचकांना माहीत नसतो.

इरावदीकाठची मुलगी आणि भाट्याच्या खाडीवरचा राजा

रत्नागिरीकरांना ब्रह्मदेश हा शब्द परका नाही. थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते, खाडीवरचा पूल दिसतो आणि पलीकडे भाट्ये गाव, तिथला लांबलचक किनारा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी राज्यावरून काढून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. टेकडीवरचा राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला.

थिबा रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढत होता, त्याच काळात त्याच्या गेलेल्या राज्यात एका मराठी कुटुंबात मुलगी झाली. १५ डिसेंबर १९०५, गाव मिंजान, इरावदी नदीच्या काठचं. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. नदीवरून मुलीचं नाव इरावती ठेवलं. राजा इकडे आणि इरावती तिकडे, एवढाच हा योगायोग. त्यापुढे दोघांचा काही संबंध नाही. पण भाट्याच्या खाडीकडे बघताना आठवावा असा तो नक्कीच आहे.

सात वर्षांची असताना तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. हुजूरपागेत ती शिकली. तिथे वर्गातल्या शकुंतला परांजपे हिच्याशी मैत्री झाली आणि त्या ओळखीतून इरावती रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी राहायला गेली, घरातलीच एक झाली. पुस्तकांनी भरलेलं, देवधर्माच्या बाबतीत मोकळं असलेलं ते घर होतं. रँग्लर मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. पुढे ज्यांच्या घरी ती सून म्हणून गेली ते महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडचे, म्हणजे तेही दापोली तालुक्यातलेच. मुंबई विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली तिने एम.ए. केलं ते समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मालवणचे, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. जन्म ब्रह्मदेशातला आणि शिक्षण पुण्या-मुंबईतलं, तरी तिच्या आयुष्याला वळण देणारी माणसं एकाच जिल्ह्यातली निघाली.

फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., मग घुर्ये यांच्याकडे १९२८ मध्ये एम.ए. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण. कोकणात हा विषय आजही गप्पांमध्ये निघतो. गोरा रंग, घारे डोळे, हे लोक मूळचे कुठले, समुद्रातून आले का, परशुरामाची कथा काय सांगते वगैरे. इरावतीबाईंनी तो गप्पांमधून उचलून अभ्यासाच्या टेबलावर ठेवला.

सासरे महर्षी, तरी विरोध

याच दरम्यान दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही तिकडे जाऊन डॉक्टरेट करावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. विरोध केला तो सासऱ्यांनी. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं आणि स्वतः विधवेशी पुनर्विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला, त्या महर्षींना सुनेने परदेशी जाणं पसंत नव्हतं.

हा विरोधाभास नाकारून चालणार नाही, आणि तो फार ताणण्यातही अर्थ नाही. घरच्यांची संमती नव्हती, म्हणून पैशाची सोय बाहेरून करावी लागली. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. तेविसाव्या वर्षाच्या आसपास इरावतीबाई बोटीने युरोपला निघाल्या.

नाकावरून जात, कवटीवरून वंश

त्या काळात माणसं मोजणं म्हणजे काय होतं, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

भारतात १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख असलेले हर्बर्ट रिझली यांनी लोकांच्या नाकाची लांबी-रुंदी मोजवून घेतली होती. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्यांच्या सिद्धांताचा गाभा. कॅलिपर लावला, आकडा आला, आकड्यांचा तक्ता छापला, की ते विज्ञान ठरत असे. १९३२ मध्ये घुर्ये यांनी रिझलींचेच आकडे तपासून दाखवलं की, महाराष्ट्रासह बऱ्याच प्रांतांत हे गणित बसतच नाही.

युरोपात नाकाऐवजी कवटी होती. कवटीची लांबी, रुंदी, उंची, जबड्याचा कोन, कपाळाचा उतार अशी मापं घेऊन माणसांच्या गटांना वर-खाली लावायचं काम विद्यापीठांमध्ये सुरू होतं. त्यासाठी लागणाऱ्या कवट्या आफ्रिकेतून आणि पॅसिफिकमधल्या जर्मन वसाहतींतून पेट्या भरभरून आल्या होत्या. कुणाच्या थडग्यातून, कुणाच्या रणांगणावरून. ज्यांच्या त्या होत्या त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

डालेममधली इमारत

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा उघडली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र असं तिचं लांबलचक नाव. संचालक होते ऑयगेन फिशर. १९०८ मध्ये त्यांनी आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ इथे जाऊन युरोपीय पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांची मापं घेतली होती आणि त्या अभ्यासावर नाव कमावलं होतं. मिश्र विवाह हे समाजाचं नुकसान आहे, हे मत त्यांनी त्यातून काढलं होतं. इरावतीबाईंना हेच गाइड मिळाले.

फिशर यांची कल्पना अशी होती. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग जास्त वाढलेला असतो, म्हणून त्याची कवटी दोन बाजूंना असमान असते आणि ही असमानता बुद्धीची खूण आहे. इतर वंशांत ती तशी दिसणार नाही. आता फक्त मापं घेऊन ते दाखवायचं बाकी होतं. युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या माणसांच्या कवट्या संस्थेच्या आवाक्यात होत्याच.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या मांडणीत गोरा माणूस वर आणि बाकी सगळे खाली, त्या मांडणीत मोजणारी स्वतः खालच्या रकान्यात होती. परदेशात एकटी, कर्ज काढून आलेली, डॉक्टरेट गाइडच्या सहीवर अवलंबून. अपेक्षित उत्तर काय आहे हे तिला माहीत होतं.

कवटीची असमानता मोजतात कशी?

कवटी मोजायला तेव्हा दोन मुख्य साधनं असायची. एक वर्कशॉपमधल्या व्हर्नियरसारखा सरकता कॅलिपर आणि दुसरा वाकड्या पायांचा, कवटीच्या फुगीर भागाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा. कवटीवर ठरावीक खुणेचे बिंदू असतात. नाकाच्या मुळाशी दोन हाडं जुळतात तो, डोळ्याच्या खोबणीच्या कडेचा, जबडा मागे वळतो त्या कोपऱ्याचा. हे बिंदू कसे शोधायचे याचे नियम रुडॉल्फ मार्टिन यांच्या १९१४ च्या जर्मन पाठ्यपुस्तकाने घालून दिले होते, आणि जगभर तेच वापरले जात.

लांबी-रुंदी मोजणं त्यामानाने सोपं. असमानता मोजणं अवघड, कारण त्यासाठी आधी मध्यरेषा ठरवावी लागते. ती कुठे धरायची? जी कवटी मुळातच थोडी वाकडी आहे तिच्यावर नाकापासून मागपर्यंत काढलेली रेषाही थोडी वाकडीच येणार. रेषा एक मिलिमीटर सरकली की एका बाजूचं माप वाढतं आणि दुसऱ्या बाजूचं तेवढंच कमी होतं. म्हणजे खोटी असमानता दुप्पट दिसते. मुद्दाम काही न करता, मनात उत्तर पक्कं असेल तर हात आपोआप तिकडे झुकू शकतो.

दुसरी अडचण मोजणाऱ्याच्या चुकीची. एकच कवटी एकाच माणसाने सकाळी आणि संध्याकाळी मोजली तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. शोधायचा फरकच जर एक-दोन मिलिमीटरचा असेल, तर मोजण्यातली चूक त्याहून बरीच लहान हवी, नाहीतर आपण कवटीऐवजी स्वतःच्या हाताची थरथर मोजत बसतो. तिसरी अडचण सरासरीची. दोन गटांच्या सरासरीत थोडा फरक निघाला, तरी एकेका गटाच्या आतला फरक त्याच्या कित्येक पट असू शकतो. मग सरासरीतल्या फरकावरून एखाद्या कवटीबद्दल काहीच सांगता येत नाही.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. प्रबंधाचा विषय होता माणसाच्या कवटीची सामान्य असमानता. यातला सामान्य हा शब्द महत्त्वाचा आहे. निष्कर्ष असा निघाला की, कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. फिशर यांच्या गृहीतकाला आकड्यांनी साथ दिली नाही आणि इरावतीबाईंनी ती दिल्याचं लिहिलं नाही.

प्रबंध मंजूर झाला. श्रेणी मात्र सर्वांत खालची मिळाली. १९३० मध्ये त्या डॉक्टरेट घेऊन भारतात परतल्या.

पुढे तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ऱ्हाइनलँडमध्ये आफ्रिकी सैनिकांपासून झालेल्या मुलांची १९३७ मध्ये सक्तीने नसबंदी झाली, त्यात फिशर यांच्या संस्थेतल्या तज्ज्ञांचे अहवाल वापरले गेले. १९४२ मध्ये संस्थेची सूत्रं ओटमार फॉन फेर्शुअर यांच्याकडे गेली. त्यांचा शिष्य योसेफ मेंगेले आउश्वित्झच्या छावणीतून कैद्यांच्या शरीराचे नमुने याच संस्थेत पाठवत असे. एका प्रबंधाने हे सगळं थांबणार नव्हतंच. पण तिथे जमलेल्या कागदांत या सिद्धांताला आकड्यांनिशी नाही म्हणणारा एक प्रबंध होता, हेही खरं.

आजच्या स्कॅनशी याचा संबंध काय?

थेट वारसा सांगता येणार नाही. इम्प्लांटचं तंत्र वेगळ्या वाटेने आलं. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रेनमार्क यांना टायटॅनियम आणि हाड एकमेकांना घट्ट धरून ठेवतात हे दिसलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटच्या जबड्यात ते बसवलं. सीबीसीटी मशीन तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. पण डालेममधल्या टेबलावर कॅलिपर घेऊन बसलेल्या माणसासमोरचे तिन्ही प्रश्न आज स्कॅन उघडून बसलेल्या दंतवैद्यासमोर तसेच असतात.

आधी मोजपट्टीचा प्रश्न. पूर्वी फक्त ओपीजीवर काम चालायचं, म्हणजे सगळे दात एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे. त्यात जबडा सपाट पसरलेला दिसतो आणि साधारण वीस-पंचवीस टक्के मोठा दिसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. फिल्मवर १२ मिलिमीटर दिसणारं हाड प्रत्यक्षात १० असू शकतं. म्हणून माहीत असलेल्या व्यासाची स्टीलची गोळी तोंडात ठेवून एक्स-रे काढायची युक्ती वापरली जाते. गोळी किती मोठी दिसली त्यावरून बाकीचं माप सुधारून घ्यायचं. हाडाची रुंदी मात्र ओपीजीत दिसतच नाही. सीबीसीटीमध्ये ती दिसते, कारण तिथे चित्र छोट्या छोट्या घनांचं बनलेलं असतं आणि एका घनाची बाजू साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटर असते.

मग मध्यरेषेचा आणि कोनाचा प्रश्न. जबडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला असतो. त्याचा आडवा काप त्या वळणाला काटकोनात घेतला तरच उंची-रुंदी खरी येते. काप तिरका गेला की हाड असतं त्याहून जास्त दिसतं. काकडी सरळ कापली तर चकती गोल येते, तिरकी कापली तर लांबट, तसंच हे. स्कॅनच्या वेळी डोकं कललं असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये ते सरळ करून घेतलं नाही, तर आकडा दशांशापर्यंत नेमका दिसेल आणि तरीही चुकीचा असेल.

आणि शेवटी सरासरीचा प्रश्न, जो इरावतीबाईंच्या प्रबंधाच्या सर्वांत जवळचा आहे. खालच्या जबड्यात दाढांच्या खालून एक नळी जाते. तिच्यातून नस जाते आणि उपदाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर ओठाकडे वळते. या छिद्राची जागा, नळीची खोली, जबड्याच्या जिभेकडच्या बाजूला असणारा खोलगट भाग हे सगळं माणसागणिक बदलतं, आणि एकाच माणसात डावी-उजवीकडेही बदलतं. अमुक लोकसंख्येत नळी सरासरी किती खोल असते याचे आकडे संशोधनात मिळतात आणि त्यांचा अभ्यासाला उपयोगही आहे. पण समोरच्या खुर्चीतल्या पेशंटसाठी ते आकडे वापरून ड्रिल चालवता येत नाही. इम्प्लांटचं टोक आणि नस यांच्यात साधारण २ मिलिमीटर सुरक्षित अंतर ठेवतात. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी काही आठवडे, कधी कायमची. त्यात दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, म्हणजे जुनी मापं त्या बाजूलाही चालत नाहीत.

सीबीसीटीची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. हाड किती घट्ट आहे हे त्यातल्या करड्या छटांवरून खात्रीने ठरवता येत नाही, कारण त्या छटा मशीननुसार बदलतात. अंतरं भरवशाची, घट्टपणाचे आकडे तेवढे नाहीत. रिपोर्टवर असा आकडा छापलेला असला तरी डॉक्टर त्यावर एकट्यावर विसंबत नाहीत.

परतल्यावरही मोजणं थांबलं नाही

मुंबईत १९३१ ते १९३६ इरावतीबाई महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या, रजिस्ट्रार होत्या. फायली आणि बैठका यांत त्यांचं मन रमलं नाही. १९३९ मध्ये त्या पुण्यात डेक्कन कॉलेजला आल्या आणि मग तिथल्याच झाल्या. हसमुख सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज इथे झालेल्या उत्खननात अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, त्यांचा अभ्यास करायला त्या होत्या. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

आणि त्या मोजत राहिल्या. महाराष्ट्रभर फिरून गावोगावच्या माणसांची मापं घेतली. मराठ्यांच्या मापांवरचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं, १९५१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्राच्या मापांवरचं. दांडेकरांची साथ महत्त्वाची होती, कारण कोणता फरक खरा आणि कोणता योगायोगाचा, हे ठरवण्याचं शास्त्र तोवर बरंच पुढे गेलं होतं.

या कामातून त्यांनी मांडलेली गोष्ट जातीच्या रूढ समजाला धक्का देणारी होती. एकच नाव लावणाऱ्या पोटजाती म्हणजे एका मूळ जातीच्या फुटलेल्या फांद्या, असा समज होता आणि तो त्यांचे गुरू घुर्ये यांचाही होता. इरावतीबाईंनी दाखवलं की, अनेकदा तसं नसतं. महाराष्ट्रातले कुंभार घ्या. धंदा एक, नाव एक, पण त्यांच्यातले वेगवेगळे गट आपसात लग्न करत नाहीत, चाकं आणि पद्धती वेगळ्या, आणि शरीराची मापंही एका मुळाकडे बोट दाखवत नाहीत. वेगवेगळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आले असावेत. म्हणजे बर्लिनमध्ये गाइडच्या विरोधात गेलेले आकडे आणि पुण्यात जुन्या गुरूच्या विरोधात गेलेले आकडे, दोन्ही वेळी त्यांनी आकड्यांचं ऐकलं.

त्यांच्यावर टीकाही होते आणि ती अस्थानी नाही. डालेममध्ये शिकलेली चौकट त्यांनी पूर्णपणे कधी टाकून दिली नाही. ज्या काळात युरोप-अमेरिकेत माणसांची अशी मोजमापं संशयाने पाहिली जाऊ लागली, त्या काळात त्या जाती-जमातींची मापं आणि रक्तगट गोळा करत होत्या. १९६८ मध्येही एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. वंशश्रेष्ठता त्यांनी नाकारली, पण शरीराच्या मापांतून समाजाचा इतिहास वाचता येतो यावर त्यांचा विश्वास शेवटपर्यंत होता. आज जनुकांच्या अभ्यासामुळे कॅलिपरचं ते काम जवळपास संपलं आहे.

बाकीचं आयुष्य वाचकांना जास्त परिचयाचं. भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये. ललित लेख. पंढरीच्या वारीबरोबर केलेली पायी वाटचाल. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून झालेली ख्याती. घरात नवऱ्याला नावाने हाक मारणं, जे त्या काळी स्कूटरपेक्षाही धक्कादायक होतं. ‘युगान्त’ १९६७ मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या पात्रांकडे त्यांनी माणूस म्हणून पाहिलं, देव म्हणून नाही. अखेरच्या वर्षांत त्या कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी करत होत्या. कोणाला जमीन मिळाली, कोणाला नाही, याची मोजणी. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्या इमारतीचं पुढे काय झालं?

डालेममधली इमारत अजून उभी आहे. ती आता बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे आणि तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९८८ मध्ये दाराशी एक फलक लावला गेला, त्यावर संस्थेच्या नाझी काळातल्या भूमिकेची नोंद आहे. २०१४ मध्ये शेजारी बांधकामासाठी खणताना माणसाच्या हाडांचे तुकडे निघाले. त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, तेव्हा सुमारे १६,००० तुकडे मिळाले. काही वसाहतींतून आणलेल्या संग्रहातले असावेत, काही नाझी काळातल्या बळींचे असण्याची शक्यता आहे.

ती हाडं कोणाची, हे ठरवण्यासाठी आणखी चाचण्या करायच्या का, असा प्रश्न आला. ज्यांच्या पूर्वजांची ती असू शकतात अशा समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून चाचण्या करायच्या नाहीत असं ठरलं. वंश शोधण्यासाठी ज्यांना एकदा मोजलं होतं त्यांना पुन्हा त्याच कारणासाठी मोजायचं नव्हतं. मार्च २०२३ मध्ये डालेमच्याच स्मशानभूमीत ती कोणत्याही धर्माचा विधी न करता पुरण्यात आली.